पायाळूची लाथ

मी कॅज्युअल्टीत शिरले तेव्हा एक धिप्पाड माणूस एका बाईला केसांना धरून फरशीवरून ओढत होता. ती ओरडत नव्हती. दोन्ही हातांनी तिनं त्याचं मनगट पकडलं होतं आणि केसांवरचा ताण ती हातांवर घेत होती. हे तिला सवयीचं आहे, हे बघताक्षणी कळत होतं. आजूबाजूला माणसं होती. कुणी सलाईनची बाटली धरून उभा, कुणी मोबाइल वर करून उभा. मध्ये कुणीच पडत नव्हतं.

"मारलंस की गं माज्या भावाला! लाथ घालून मारलंस!" असं म्हणत त्यानं तिच्या पाठीत गुडघा घातला.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरचे तोंडावर सांगतात आणि आमचा स्टाफ पाठीमागे बोलतो. दोघांचंही खरं आहे. मी त्याला "सोडा तिला" म्हणून एकदा सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मोकळ्या हातानं मला बाजूला ढकललं, तो हात माझ्या गालावर बसला आणि चष्मा खाली पडला. मग मी त्याच्या कानफटात दिली. हात चांगला मागे नेऊन, सगळी ताकद लावून. डॉक्टरनं काय करू नये हे मला पाठ आहे, नव्या मुलांना ते मीच शिकवते. पण त्या चपराकीनं त्याच्या मुठीतले केस सुटले, आणि मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.

सिक्युरिटीचे मामा तोवर धावत आले आणि त्याला भिंतीशी धरून उभे राहिले. बाई सरपटत स्टुलाच्या मागे गेली. तिच्या ओठातून रक्त येत होतं.

"भाऊ कुठं आहे तुमचा?" मी विचारलं.

"तितं," तो म्हणाला आणि पडद्याकडं हात केला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

मे महिन्यातली दुपार होती. सोलापुरात या दिवसांत कुशीत दुखतं म्हणून आलेला माणूस मुतखड्याचाच, हे आमच्याकडं न बोलता ठरलेलं असतं. उन्हात राबायचं, पाणी कमी प्यायचं, प्यायचं ते बोअरचं जड, खडे होणारच. कधी कधी एका दुपारी ओळीनं चार खाटांवर चार मुतखडे पडलेले असतात. इंजेक्शन द्यायचं, सलाईन लावायचं, सोनोग्राफीत किडनी फुगलेली बघायची आणि पुढच्याकडं वळायचं. शंभर वेळा हे बरोबर ठरतं, म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

पडद्याआडचा माणूस चाळिशीचा होता. मंद्रूपच्या पुढं कुठं तरी वस्तीवर राहणारा, मेंढरांमागं चालून चालून काटक झालेला. आमचा ज्युनियर डॉक्टर त्याच्या उशाशी उभा होता. हुशार पोरगा, पण घाईचा.

"लेफ्ट साइडचा स्टोन आहे, मॅडम. पेनकिलर दिलंय. सोनोग्राफीपण केली, किडनीत मध्ये काळं दिसतंय, म्हणजे लघवी तुंबलीय. बीपी जरा लो आहे, पेनकिलरनं असेल."

मी त्या माणसाकडं बघितलं. मुतखड्याचा माणूस लोळतो. या कुशीवरून त्या कुशीवर होतो, उठून बसतो, उकिडवा बसतो, डॉक्टरला शिव्या घालतो. हा हलत नव्हता. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते, कपाळावर थंड घाम होता, आणि डोळे छताला लागले होते. हात हातात घेतला तर नाडी भरभर पळत होती आणि बोटाखाली जेमतेम लागत होती.

"उपडा करू नका, नुसता कुशीवर घ्या," मी म्हणाले आणि त्याचा सदरा वर केला.

डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीच्या खाली, जांभळा डाग उमटला होता. गोलसर, खालच्या बाजूला गडद.

"हे काय आहे?"

पडद्याच्या पलीकडून थोरल्या भावाचा आवाज आला. "तिचीच लाथ हाय ती, म्याडम. पायाळू हाय ती. ह्येला पहाटंपासनं कुशीत कळ मारत हुती, आमी म्हनलो उसण भरली. म्हनून मारायला लावली. मीच म्हनलो मार म्हनून. आन् तिनं जीवच घेतला की ह्येचा."

पायाळू म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी स्वतः पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. अशा माणसाच्या पायात गुण असतो असं आमच्याकडं मानतात. कुणाची पाठ धरली, कमरेत उसण भरली, की पायाळूला बोलवायचं आणि दुखऱ्या जागी लाथ मारून घ्यायची. आमच्या आळीतल्या निम्म्या पाठींना मी लहानपणी लाथा मारल्या आहेत. बँकेतले कारकून, चादरीच्या कारखान्यात दिवसभर मागापाशी उभे राहणारे शेजारचे तेलुगू काका, आमच्या शाळेचे हेडमास्तर. हेडमास्तरांना लाथ घालायला मिळणारी शाळेतली मी एकटीच, याचा मला केवढा तोरा होता! लाथेच्या बदल्यात लिमलेटची गोळी मिळायची. पावसाळ्यात मात्र ढग गडगडले की तीच माणसं मला घरात हाकलायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे.

पण लाथ हा नुसता म्हणायचा शब्द. आई मला सुरुवातीपासून सांगायची, पाय लावायचा असतो, मारायचा नसतो. माणूस पालथा झोपतो, आपण डावा पाय उचलून तळवा दुखऱ्या जागेला तीनदा टेकवायचा. झोपलेल्या मांजरावर पाय पडता पडता आपण सावरतो ना, तितका हलका. जी बाई जन्मानं पायाळू आहे तिला हे पक्कं ठाऊक असतं. या माणसाच्या कुशीवर तळवा उमटलेला नव्हता. टाच उमटली होती, आणि ती सगळं अंग पाठीमागं घालून मारलेली होती.

त्या वेळी हे बोलायला वेळ नव्हता. बीपीचं मशीन दर खेपेला आधीपेक्षा खालचा आकडा दाखवत होतं.

सोनोग्राफीचं मशीन ओढून मी खाटेला लावलं, त्याच्या कुशीवर जेल ओतलं आणि प्रोब टेकवला. किडनी दिसली. तिच्या खोबणीत, जिथून रक्तवाहिनी आत शिरते तिथं, लिंबाएवढा काळा गोल होता. ज्युनियरनं हाच बघून तुंबलेली लघवी म्हटलं होतं. त्याला दोष द्यावा तरी कसा? सोनोग्राफीत पातळ ते सगळं काळं दिसतं. लघवी काळी, पाणी काळं आणि रक्तही काळंच. मशीन फक्त इतकं सांगतं की इथं पातळ काही तरी आहे. ते थांबलेलं आहे की वाहतंय हे विचारायला दुसरं बटण असतं, कलर डॉपलरचं. वाहतं रक्त त्यात रंगानं दिसतं. आमच्याकडं ते बटण फारसं कुणी दाबत नाही. मुतखड्याला रंग कशाला, असा हिशेब असतो.

मला दोन गोष्टी आवडल्या नव्हत्या. त्या काळ्या गोलाच्या काठाला पांढरी कड होती, मडक्याच्या आत क्षार चढतो तशी. आणि किडनीच्या भोवती एक करडा थर पसरला होता, जो तिथं असायचं काहीच कारण नव्हतं.

मी बटण दाबलं. काळा गोल लाल आणि निळ्या रंगानं भरला आणि ते दोन्ही रंग एकमेकांत गरगर फिरायला लागले. ज्युनियरच्या तोंडून फक्त "आईशप्पथ" निघालं.

किडनीला रक्त नेणाऱ्या धमनीवर फुगा आला होता. धमनीची भिंत एखाद्या जागी कच्ची असते, आतून रक्ताचा मारा चालू असतो, आणि जुन्या सायकलच्या ट्यूबला यावा तसा तिथं फुगवटा येतो. वर्षानुवर्षं माणूस तो घेऊन हिंडतो आणि त्याला पत्ता नसतो. असले फुगे फार क्वचित सापडतात. बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी तपासताना दिसतात आणि तेव्हा ते शांत असतात. हा शांत नव्हता. हा गळत होता. भोवतीचा करडा थर म्हणजे बाहेर आलेलं रक्त होतं, आणि किडनीभोवतीच्या चरबीनं दाबून धरलं म्हणून ते पोटभर पसरलं नव्हतं. ती चरबी किती वेळ धरून ठेवील, कुणालाच सांगता आलं नसतं.

मी घाबरले. हे सांगायला मला लाज नाही. माझ्या प्रोबखाली एक माणूस आतल्या आत रिकामा होत होता आणि ते मला रंगीत दिसत होतं.

रक्तपेढीला निरोप धाडला, दोन्ही हातांना मोठ्या सुया लावायला सांगितल्या आणि सर्जनना फोन केला.

"खात्री आहे?" ते म्हणाले. "सीटी करून घे ना."

"सीटीच्या टेबलावर मरेल तो."

"आणा वर," ते म्हणाले.

तेवढ्यात बाहेर काच फुटल्याचा आवाज झाला. मंद्रूपकडून जीप आली होती. सहा-सात बाप्ये कॅज्युअल्टीचं दार ढकलत आत घुसले आणि दाराची काच फरशीवर सांडली. कुणी तरी आधीच फोन करून सांगितलं असणार की सुनेनं नवऱ्याला लाथ घालून मारलं. त्यातला एक स्टुलामागं बसलेल्या त्या बाईकडं सरळ चालत गेला आणि त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, काही न विचारता, फुटबॉलला घालावी तशी. ती दुमडून पडली. मामांनी थोरल्या भावाला सोडलं आणि लाथ घालणाऱ्यावर झेप घेतली. दोन वॉर्डबॉय धावले, एकाच्या कपाळाला खोक पडली, ट्रॉली उलटली, कात्र्या आणि चिमटे सगळीकडं उडाले. नर्सबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की मला वाटलं त्यांनाच लागलंय.

सुटलेला थोरला भाऊ माझ्याकडं आला. "आमी पुन्याला न्हेतो ह्येला. हितं काय न्हाय व्हायचं."

"मोहोळसुद्धा ओलांडणार नाही तो," मी म्हणाले. "आत रक्तवाहिनी फुटलीय. आता, या मिनिटाला वर घेऊन पोट उघडलं तर आशा आहे. नाही तर नाही."

"टीव्ही बघून सांगतायसा व्हय?" त्यानं लोखंडी स्टूल उचललं आणि मशीनवर उगारलं.

"मशीनला हात लावलास तर हात मोडीन तुझा!" मी ओरडले. मशीन आणि तो यांच्यामध्ये मी उभी राहिले होते.  "ये इकडं. बघ. तुझ्या भावाचं रक्त बघ, कुठं चाललंय ते."

त्यानं स्क्रीनकडं बघितलं. लाल-निळं अजून फिरत होतं. स्टूल हळूहळू खाली आलं. मेंढराचं पोट फाडलेलं ज्यानं आयुष्यभर बघितलंय त्याला रक्त ओळखायला शिकवावं लागत नाही.

"मग येवडंच सांगा," तो म्हणाला. खोलीतली बाकीची माणसं पण थांबली होती. "हिच्या लाथंनं झालं का न्हाय?"

सगळे माझ्याकडं बघत होते. ती बाई भिंतीशी मुटकुळं करून पडली होती, तीही बघत होती. मी त्या पांढऱ्या कडेवर बोट ठेवलं.

"ही कड दिसते? भिंतीत चुना धरलाय. हे आज सकाळचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. लाथेनं असला फुगा येत नाही."

माझा शब्दन् शब्द खरा होता. फक्त त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, शेजारच्या प्रश्नाचं होतं. फुगा लाथेनं आला नाही. फुटला कशानं, हे मला माहीत नव्हतं. पहाटे कळ आली तेव्हाच गळायला लागला असेल, आणि टाचेनं तो आणखी उसवला असेल. किंवा नसेलही.

"ऑपरेशनला सही कोण करतंय?" मी विचारलं. थोरला पुढं झाला, पण अंगठा कुठं करू म्हणता म्हणताच तो मटकन खाली बसला. मी कागद त्या बाईकडं नेला. बायको ती होती. ओठातलं रक्त पदराला पुसून तिनं एक एक अक्षर लावत सही केली. 

आम्ही खाट ढकलत लिफ्टपर्यंत पळालो. मी दोन्ही हातांनी रक्ताची पिशवी पिळत होते. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनांनी पोट उघडलं आणि आतड्यांमागचा पातळ पडदा सोडवला, तसं रक्त उसळून त्यांच्या छातीपर्यंत आलं. भूलतज्ज्ञ शिव्या देत होते, सक्शनची बाटली भरली की बदलली जात होती, फरशीवर पाय सरकत होते. सर्जनांनी न बघताच आत हात घातला आणि मुठीत ती धमनी दाबून धरली. मग खोलीत थोडी शांतता झाली. किडनी वाचवायचा प्रश्नच नव्हता. ती काढली.

"लाथेनं फुटलं असेल?" मी मागून विचारलं.

"असेल, नसेल. फुटायलाच टेकलेलं होतं." ते टाका घालत म्हणाले. "तुला कशाला पाहिजे ते?"

खाली आले तेव्हा पोलीस आले होते आणि काचा झाडणं चालू होतं. ती बाई तिथंच भिंतीशी होती. तिच्या पोटात लाथ बसलेली मी बघितली होती, तेव्हा तिला आधी पडद्याआड घेतलं आणि तोच प्रोब तिच्या पोटाला लावला. आत रक्त नव्हतं. प्लीहा ठीक, यकृत ठीक. मग बरगड्यांवरून प्रोब वर नेला. बरगडीचा काठ सोनोग्राफीत पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. तिच्या उजव्या बाजूला ती रेघ दोन ठिकाणी मोडून परत जुळली होती, तुटलेली दोरी गाठ मारून जोडावी तशी.

"हे कधी झालं?"

"कंचं?" ती म्हणाली.

 कंचं, म्हणजे त्यांतलं कुठलं.

मी जेल पुसलं आणि तिला उठून बसायला हात दिला. "मीपण पायाळू आहे," मी म्हणाले. "पाय कसा लावायचा असतो, मला माहीत आहे."

 पडद्याबाहेर झाडूचा आवाज येत होता. तिनं मान खाली घातली.

"दोनदा लावला, म्याडम. आईनं शिकिवला तसाच. थोरलं भाऊजी म्हनलं, अगं जोरात मार की, तुला जेवाया घालत न्हाय का आमी. सगळी हसली. त्येबी हसलं, पालथं पडल्यालं. मंग मारली." ती थांबली. "मारली तवा बरं वाटलं. लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"

मी प्रोब पुसून जागेवर ठेवला.

"वाचत्याल का वो?"

"किडनी काढलीय. आजची रात्र गेली तर वाचेल."

"न्हाय वाचलं तर मीच मारलं त्यास्नी."

"फुटायलाच टेकलेलं होतं," मी म्हणाले. सर्जनांचंच वाक्य होतं ते, दुसरं मला सुचलं नाही. "आणि वाचला तर? घरी जाशील?"

"कुटं जाऊ मंग? पोरी हायत की तितं."

पोलिसांपाशी तक्रार दे म्हणून मी तिला सांगून बघितलं, समजावलं, शेवटी रागावलेसुद्धा. ती प्रत्येक वेळी मान डोलवायची आणि जागची हलायची नाही. काच फोडली म्हणून जीपमधल्या दोघांवर गुन्हा दाखल झाला. तिच्या पोटात ज्यानं लाथ घातली त्याच्यावर झाला नाही, कारण मला कुणी लाथ घातलीच नाही असं तीच सांगत होती. मी जे बघितलं ते लिहून दिलं. त्याचं पुढं काही झालं नाही.

तो वाचला. मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाचं अंग चिवट असतं. एकदा सर्जन मला म्हणाले की असा फुगा एका बाजूला असला तर कधी कधी दुसऱ्या बाजूलाही असतो, उरलेल्या एकाच किडनीवर तो असला तर अवघड, तू एकदा बघून ठेव. आमचं मशीन सरकारी नियमानं त्या खोलीबाहेर नेता येत नाही, गर्भलिंग तपासणीच्या कायद्यामुळं ते तिथंच नोंदलेलं आहे. म्हणून त्याला वॉर्डातून खाली आणायला सांगितलं. बायको व्हीलचेअर ढकलत घेऊन आली, त्याला खाटेवर चढवलं आणि केसपेपर विसरला म्हणून परत वर गेली.

मी उजवी बाजू नीट बघितली. आधी काळं-पांढरं, मग रंग. रक्त एका दिशेनं शहाण्यासारखं वाहत होतं, कुठं फुगवटा नाही, कुठं गरगर नाही.

"चांगली आहे," मी म्हणाले. "हिला जपा. आता एकच आहे."

"म्याडम, एक इचारू?"

"विचारा."

"तिनं ती लाथ मुद्दाम मारली. व्हय का न्हाय?"

माझा हात थांबला. इतके दिवस मला याचीच भीती वाटत होती. हा बरा होऊन घरी जाणार, त्याच घरात ती जाणार, दार बंद होणार आणि मी इथं बटणं दाबत बसणार.

"लाथेनं असला फुगा येत नाही," मी म्हणाले.

"त्ये न्हाय इचारलं मी."

त्याच्या भावाला जे कळलं नव्हतं ते याला कळलं होतं. तो छताकडं बघत बोलायला लागला.

"मी पालथा हुतो. पैल्या दोन लागल्याबी न्हाईत, नुसता पाय टेकल्यावानी. तिसरी आली तवा डोळ्याम्होरं अंधारी आली, श्वासच आत जाईना. मला तवाच समजलं."

"मग? काय करणार आहात?" माझा आवाज चढला. मी खाली आणायचा प्रयत्नही केला नाही. "घरी नेऊन मारणार आहात तिला? तिच्या दोन बरगड्या..." आणि मी जीभ चावली, कारण ते सांगायचं की नाही हे तिनं ठरवायचं होतं.

त्याचा हात पोटावरच्या टाक्यांवरून हळूहळू कुशीकडं गेला, जिथं डाग आता पिवळा पडला होता, आणि तिथं थांबला.

"ती अनवानी हुती," तो म्हणाला. "मी पायताणासकट घालतो."

दारात चाहूल लागली म्हणून मी मान वळवली. ती केसपेपर घेऊन उभी होती. कधी आली कळलं नाही. त्याला ती दिसत नव्हती, तो अजून छताकडंच बघत होता.

"इतकं लागतं व्हय?" त्यानं मला विचारलं.

मला विचारलं होतं तरी उत्तर माझं नव्हतं.

"व्हय," ती दारातून म्हणाली. "इतकंच लागतं."